खांबालगतचं बाक

काका बसेनात. झालं एवढंच. बायबलमधल्या पहिल्या वाचनासाठी सगळं चर्च खाली बसलं, कपड्यांची सळसळ थांबली, आणि मधल्या वाटेत, नव्याने बसवलेल्या फरशीवर, काका तेवढे उभे राहिले. काकूंनी त्यांच्या कोपराला धरून त्यांना बाकात सारायचा प्रयत्न केला. "चला ना, आत सरका," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. काका सरकले नाहीत. त्यांनी एकदा बाकाकडे पाहिलं, एकदा काकूंकडे पाहिलं, आणि कुणीतरी यायचं राहिलंय अशा चेहऱ्याने ते आणखी ताठ उभे राहिले. वाचणाऱ्या बाईंचा आवाज एका शब्दावर अडखळला, मग पुढे गेला. मागून कुणीतरी खोकलं. काकूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेवटी त्या स्वतःही त्यांच्या शेजारी उभ्याच राहिल्या, आपण ठरवूनच उभे आहोत अशा थाटात, आणि प्रवचन सुरू व्हायच्या आत त्यांना हाताला धरून बाजूच्या दाराने बाहेर घेऊन आल्या. बाहेर ऊन होतं, अंगणात नेहमीची कबुतरं होती. काका लगेच नेहमीसारखे झाले आणि म्हणाले, "संपलं वाटतं." काकूंना तिथेच पायरीवर बसून रडावंसं वाटलं, पण पायरी नुकतीच धुतलेली होती आणि अजून ओली होती.

त्या एका तासावर काकूंचा सगळा आठवडा उभा होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. घरात काका दिवसभर या खोलीतून त्या खोलीत हिंडत, चष्म्याच्या घरात चमचे ठेवत, मुलीला ताई म्हणत आणि काकूंना काहीच म्हणत नसत. पण रविवारी, खांबालगतच्या त्या बाकावर बसले की ते आजारी नसत. मिस्सेतली, म्हणजे रविवारच्या उपासनेतली, सगळी उत्तरं त्यांच्या तोंडून बिनचूक यायची, एकही शब्द इकडचा तिकडे नाही, आणि गाण्याच्या वेळी ते पूर्वीसारखेच सुराच्या किंचित खाली गायचे. काकू डोळे मिटून शेजारी बसायच्या आणि तेवढ्या तासापुरता त्यांचा नवरा त्यांना परत मिळायचा. मग चर्चची जमीन खचली. ओल वर आली, फरश्या खालीवर झाल्या, कुणाची तरी आजी पाय मुरगळून पडली, आणि फादरांनी चर्च दुरुस्तीसाठी बंद केलं. सगळी बाकं उचलून शाळेच्या पडवीत गेली आणि मिस्सा शाळेच्या सभागृहात, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सुरू झाली. तिथे भिंतीवर पाढे होते. तिथे काका कधीच धड बसले नाहीत. एकदा प्रवचन चालू असताना काकूंचा डोळा लागला तेवढ्यात ते उठून चालते झाले, आणि सापडले ते औषधांच्या दुकानासमोर, काचेतल्या टूथब्रशांकडे एकटक बघत. त्या दिवसापासून काकूंनी नियम केला, आत ते, बाहेर आपण. सभागृहात भिंतीकडे ते, टॅक्सीत आधी ते, आणि त्यांच्या बाजूचं दार बंद. लहान मुलाचं करतात तसंच. चर्च उघडलं की सगळं ठीक होईल, असं त्या महिनोन्‌महिने स्वतःला बजावत आल्या होत्या. आणि आता चर्च उघडलं होतं.

काका कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांकडून माप यायचं आणि काका गल्लीतल्या त्या अरुंद खोलीत बसून मेणात दात बसवायचे, गुलाबी हिरड्या घासायचे, फुंकर मारून बघायचे. कपाटभर प्लॅस्टरचे जबडे होते, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. चर्चमधल्या म्हाताऱ्यांपैकी निम्म्यांच्या तोंडात काकांची कारागिरी होती, आणि क्वायरमध्ये तर, काका म्हणायचे, मीच चार आवाजांत गातो. सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. त्या न्यायाने काकू कवळीकाकू झाल्या, आणि याचा त्यांना मनापासून राग यायचा, कारण त्यांच्या तोंडात आजही सगळे दात स्वतःचे होते. खरं तर त्यांची ओळखच दातांवरून झाली. त्या तेव्हा क्वायरमध्ये होत्या, आणि हा शिडशिडीत माणूस एका रविवारी क्वायरच्या माळ्यावर जाणाऱ्या गोल जिन्याखाली उभा राहून, घसा खाकरून, म्हणाला होता, "दात छान आहेत तुमचे." काकूंनी तोंड घट्ट मिटलं आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. गाय बघायला आलाय की काय, असं त्यांनी घरी आल्यावर आईला सांगितलं होतं. आई हसून हसून बेजार झाली होती. पुढे लग्न झालं ते याच चर्चमध्ये, पण त्या वाक्याला उत्तर द्यायचं मात्र राहूनच गेलं.

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात राहायची आणि रविवारी दुपारी न चुकता फोन करायची. काकूंनी सांगायचं नाही असं ठरवलं आणि लगेच सगळं सांगून टाकलं. "आई, आता बास कर," मुलगी म्हणाली. "त्यांना समजत नाही गं आता. तू उगाच त्यांना ओढत नेतेस, आणि लोकांसमोर तुलाच त्रास होतो." काकू ऐकत होत्या आणि त्यांचं लक्ष जेवणाच्या टेबलाकडे होतं. तिथे काका आपल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. ताट वाढून झालं होतं, त्यातली वाफ विरत चालली होती, आणि ते उभेच होते. हेही रोजचंच झालं होतं. जेवायला बोलावलं की यायचे आणि उभे राहायचे. मग काकूंनी खांद्यावर दोन्ही हात ठेवून त्यांना दाबून बसवायचं, भरवायचं, आणि सगळं आटोपल्यावर स्वतः ओट्यापाशी उभ्या उभ्या दोन घास खाऊन घ्यायचे. रात्री पलंगापाशी तेच. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, शरीर बसणं विसरतं. "बसा हो, किती वेळ उभे राहाल?" काकू फोनवर हात ठेवून ओरडल्या. काका ओशाळून हसले. "फादर घरी येतील की ख्रिस्तप्रसाद द्यायला," मुलगी पलीकडून म्हणत होती, "सांगून बघ." फादरांनी स्वतःच सांगितलं होतं ते सकाळी, मिस्सा संपल्यावर अंगणात येऊन, अगदी मायेने. तरुण माणूस, बोलताना मान तिरकी करतो. म्हणजे आता कवळीकाकांचं चर्च संपलं, एवढाच त्याचा अर्थ, हे फादरांना कळलं नव्हतं आणि काकूंना कळलं होतं.

रात्रभर त्यांना बाकच दिसत राहिलं. ते आपलं बाक नव्हतंच, हे त्यांना चर्चमध्येच जाणवलं होतं. जागा तीच, खांब तोच, पण बाक परकं. त्यांचं बाक एका टोकाला खांबाला टेकलेलं होतं, त्यामुळे आत शिरायची वाट एकाच बाजूने, मधल्या वाटेकडून. खांबाचा दगड खांद्याच्या उंचीला गुळगुळीत झाला होता, पिढ्यान्‌पिढ्या तिथे कुणी ना कुणी टेकत आलं होतं, आणि लग्नापासून तो खळगा काकूंच्या डाव्या खांद्याचा होता. उन्हाळ्यात त्याचा गारवा ब्लाउजमधून आत यायचा. समोरच्या उंच खिडकीतली एक निळी काच कधीकाळी फुटली आणि तिच्या जागी साधी काच बसवली, तेव्हापासून प्रवचनाच्या मध्यावर उन्हाचा एक पांढरा ठिपका त्यांच्या बाकावर यायचा, काकांच्या गुडघ्यावरून हळूहळू हातावर चढायचा. प्रवचन लांबलं की ठिपका कोपरापर्यंत जायचा, आणि काका डोळ्यांनीच काकूंना दाखवायचे. ती खांबाजवळची आपली जागा काकूंनी आज काकांना देऊ केली होती. तिथून पळून जाता येत नाही, शिवाय टेकायला दगड. याहून जास्त आपण काय द्यायचं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांना थोडा रागही आला. त्यांना वाटलं, काकांच्या हातालाच कळलं असणार. लाकूड वेगळं लागलं असणार. ज्या माणसाने जन्मभर बोटांनी दुसऱ्यांची तोंडं ओळखली, त्याला आपलं बाक ओळखता येणार नाही होय?

बाकांचा घोळ ऑर्गनवालीने घातला होता, असं सगळे म्हणत, आणि ऑर्गनवाली म्हणे सुताराने घातला. बाकं बाहेर काढताना तिने प्रत्येकाच्या खालच्या फळीवर आकडे घातले होते, कुठलं कुठे जायचं ते, स्वतः गुडघ्यांवर बसून, दमेकरी असून. पण खडूने. सुताराने पॉलिशआधी सगळी बाकं वरून खालून घासली आणि आकडे भुशाबरोबर गेले. "खडूने नाही तर काय कोरून लिहू?" ऑर्गनवाली म्हणायची, "देवघरचं लाकूड आहे." "मावशी, पॉलिश करायचं म्हणजे आधी घासायचं," सुतार म्हणायचा, आणि दोघंही बरोबरच होती. त्यात आणखी एक गंमत झाली. जुनी जमीन खालीवर होती, आणि कुठल्याशा जुन्या काळी कुणी तरी प्रत्येक बाकाचे पाय आपापल्या फरशीच्या उताराप्रमाणे तासून घेतले होते. आता जमीन झाली सपाट आणि बाकं राहिली तिरकी. चर्च एकदम बसलं की सगळीकडून खडखड व्हायची. कुणी शेजाऱ्याकडे वळलं तर अख्खं कुटुंब एका बाजूला कलायचं. लोक हसत होते, पण आपलं बाक हरवल्याची हुरहुर प्रत्येकालाच होती, आणि कुणी ती बोलून दाखवत नव्हतं. काकूंनी दाखवली. सोमवारी त्या वेदीवरची कापडं धुवायला न्यायला गेल्या, (ते काम त्यांच्याकडे होतं, इस्त्रीसकट) आणि कापडांचं गाठोडं छातीशी धरून त्यांनी फादरांना सांगितलं, "आमचं बाक शोधून द्या. एवढं करा. मग नाही बसले तर मी नाही आणणार त्यांना." बोलताना आवाज फाटला याचा त्यांना संताप आला. फादरांची मान तिरकी व्हायची थांबली. ते म्हणाले, "सगळ्यांचीच शोधू या."

शनिवारी दुपारी पॅरिशमधली निम्मी माणसं चर्चमध्ये वाकलेली होती. काकूंनी असं दृश्य कधी पाहिलं नव्हतं. प्रार्थनेला इतके वाकले असते तर, असं फादर म्हणालेच. माणसं बाकांखाली डोकी घालून, हात फिरवून, वास घेऊन आपली बाकं शोधत होती. एकाला आपल्या बापाच्या टाचेने झिजलेली गुडघे टेकायची फळी सापडली आणि तो मोठा माणूस तिथेच फळीवर हात ठेवून बसून राहिला. एका बाईने पुढच्या दांडीवरच्या बारीक खळग्यांवर बोट ठेवून ओरडून सांगितलं की हे आमच्या लेकाने लहानपणी चावलेलं. काका जवळच उभे होते. ते वाकले, त्या खळग्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दुधाचे." सगळे हसले, काकाही हसले. मग ऑर्गनवाली त्यांच्याकडे बघून हसली तेव्हा ते गंभीर झाले आणि म्हणाले, "वरची सैल झालीय." ती झालेलीच होती, गेले कित्येक आठवडे तिच्या गाण्यातून शिट्टी यायची आणि कुणी बोलायला धजावत नव्हतं. "मेल्या, सगळं विसरलास आणि एवढं बरं आठवतंय!" ऑर्गनवाली म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून दुसरीकडे वळली, ती बराच वेळ वळलेलीच राहिली.

काकूंचं बाक मागे, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापाशी निघालं. त्या शोधत होत्या तो पर्स अडकवायचा एक आकडा. त्यांची पर्स जमिनीवर ठेवली की मळायची आणि मांडीवर ठेवली की घसरायची, म्हणून काकांनी फार पूर्वी कवळीच्या तारेचा एक आकडा वळवून पुढच्या दांडीखाली बसवला होता, बाहेरून दिसणार नाही असा. दांडीखालून हात नेता नेता तो काकूंच्या बोटाला लागला आणि त्यांनी तो धरूनच ठेवला. "होता खरा, मी मुद्दाम ठेवला," सुतार म्हणाला. "म्हटलं, एवढं नीट कुणी वळवलंय, तर असेल कुणाचं काही." चौघांनी बाक उचलून खांबापाशी आणलं. सुताराने पायाखाली पाचरी ठोकल्या, हलवून पाहिलं, पुन्हा ठोकल्या. चांगलं पक्कं झालं. काकू बाकावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि काकांकडे बघू लागल्या, पण काका त्या वेळी वर छताच्या कमानीकडे बघत होते, जिथे एक चिमणी अडकली होती. उद्या बघू, असं त्या मनाशी म्हणाल्या.

आणि रविवारी काका बसेनात. घंटा तीच, ऑर्गन तोच, बाक तेच, जागा तीच. काकूंनी कोपराला हात लावला, "सरका ना आत," म्हणाल्या, आणि काका उभे. सगळ्यांना ठाऊक होतं. काल बाक उचलणारे ते चौघेही मान वळवून पाहत होते. फादर वेदीजवळ थांबले होते, पुस्तकाचं पान उगाचच नीट करत. काकूंनी आणखी एकदा ढकललं, जरा जोरात, आणि काका हेलपाटले पण सरकले नाहीत. तेव्हा काकूंच्या आत काहीतरी सुटलं. रागही नव्हता तो. त्यांचे गुडघे दुखत होते, काल वाकून वाकून कंबर धरली होती, रात्री झोप नव्हती. राहा उभे, असं त्यांना वाटलं. राहा. बघू दे सगळ्यांना. शेवटचीच तर वेळ आहे, मी तरी बसते. त्यांनी काकांचा हात सोडला, त्यांच्यासमोरून वाट काढत त्या बाकात शिरल्या, थेट खांबापर्यंत सरकल्या आणि धपकन बसल्या. डावा खांदा दगडाच्या खळग्यात जाऊन टेकला. सवयीने त्यांनी दांडीखाली हात नेला आणि पर्स आकड्याला अडकवली. मग डोळे मिटून घेतले, म्हणजे कुणाकडे बघावं लागायला नको.

बाक किंचित दबलं. शेजारी ओळखीचं वजन येऊन बसलं. काकूंनी डोळे उघडले तर काका बसले होते, मधल्या वाटेच्या टोकाला, आपल्या जागी, एक पाऊल जरा बाहेर काढून, कारण त्यांचे पाय लांब होते आणि ते नेहमी तसंच बसायचे. दोन्ही हात दांडीवर. चेहरा असा की फार वेळ ताटकळल्यावर एकदाचं सगळं जागच्या जागी आलंय. काकूंना आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू, वाचन चालू असताना, एकेक करून सगळं त्यांच्यापाशी येऊ लागलं. लग्नानंतरचा पहिला रविवार, मधल्या वाटेत उभा असलेला तो शिडशिडीत माणूस, हाताने बाक दाखवून, "आधी तू." त्यानंतर एकही रविवार असा नव्हता की ते आधी बसले. बसमध्ये नाही, कुणाच्या घरी नाही, दवाखान्याच्या बाकड्यावरसुद्धा नाही. इतकं रोजचं होतं की काकूंना ते दिसायचंच बंद झालं होतं. आपण आत शिरायचं, खांबाला टेकायचं, पर्स अडकवायची, मग ते बसणार, हे जणू चर्चच्याच बांधणीत होतं, कमानीसारखं. आणि शाळेच्या सभागृहातल्या त्या दिवसानंतर आपण त्यांना आधी आत ढकलायला लागलो. ते बिचारे ढकलले जात होते, चुळबुळत होते, आणि इथे, स्वतःच्या चर्चमध्ये, अडून उभे राहिले. आपल्यासाठी.

आणि मग टेबल. ते आठवलं तेव्हा काकूंनी दांडी घट्ट धरली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे असलेले काका, निवत चाललेलं ताट, आणि त्यांच्या खांद्यांवर दाब देणारे आपले हात. पलंगापाशी उभे असलेले काका. बसा हो, किती वेळ उभे राहाल. महिनोन्‌महिने हा माणूस रोज दोन वेळा, तीन वेळा, आपली वाट बघत उभा होता, आणि आपण त्याला ओरडत होतो. डॉक्टर म्हणाले शरीर बसणं विसरतं. काकूंना एकदम इतकं भरून आलं की त्यांनी तोंड खांबाकडे वळवलं आणि दगडाला गाल लावला. प्रवचनाच्या मध्यावर पांढरा ठिपका आला. काकांच्या गुडघ्यावरून तो हातावर चढला. काकांनी तो पाहिला आणि डोळ्यांनीच काकूंना दाखवला. फादर त्या दिवशी बरेच लांबले, ठिपका कोपराच्याही वर गेला, आणि कुणाचीच तक्रार नव्हती. एकमेकांना शांती द्यायच्या वेळी ऑर्गनवाली माळ्याच्या कठड्यावरून वाकून खाली बघत होती आणि तिचं पुढचं गाणं सुरू व्हायला उशीर झाला.

घरी आल्यावर काकूंनी दोन ताटं वाढली. दुसरं ताट टेबलावर ठेवताना त्यांच्या लक्षात आलं की कित्येक महिन्यांत ते तिथे ठेवलंच नव्हतं. काका येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. काकूंनी स्वतःची खुर्ची ओढली, बसल्या, पदर सारखा केला. काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. किती साधं होतं हे. काकू हसल्या आणि त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आणि दोन्हींपैकी काहीच त्यांना आवरेना. काका त्यांच्याकडे बघत होते, नीट, कुतूहलाने, नवीन माणसाकडे बघतात तसे. त्यांची नजर काकूंच्या तोंडावर थांबली. त्यांनी घसा खाकरला.

"दात छान आहेत तुमचे," ते म्हणाले.

काकूंनी या खेपेला तोंड मिटून घेतलं नाही. "जपलेत हो," त्या म्हणाल्या, "तुमच्या हाती लागू नयेत म्हणून."

काकांना ते फारच आवडलं. ते मोठ्याने हसले, खुर्ची करकरेपर्यंत हसले. मग त्यांनी हाताने काकूंचं ताट दाखवलं आणि स्वतःच्या ताटाला बोट न लावता, काकूंनी पहिला घास घ्यायची वाट बघत बसून राहिले.